ऑल-वेदर रेसचा प्रिव्ह्यू कसा लिहायचा आणि टिप कशी काढायची, अगदी पहिल्यापासून

इंग्लंडात थंडीच्या दिवसांत जवळपास रोज कुठे ना कुठे फ्लडलाइटखाली घोडे पळत असतात, तेही गवतावर नाही तर मेण मिसळलेल्या वाळूवर, यालाच ऑल-वेदर रेसिंग म्हणतात. आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पुण्याला रेस गवतावर होतात, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं रेस बघितलेला माणूससुद्धा पहिल्यांदा वुल्व्हरहॅम्प्टन या तिकडच्या ट्रॅकचं कार्ड (त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांची यादी) उघडतो तेव्हा मागच्या चार रनचे आकडे बघतो, जॉकी बघतो आणि फेव्हरेटचं (सगळ्यात कमी भावाच्या घोड्याचं) नाव लिहून मोकळा होतो. त्याला प्रिव्ह्यू म्हणत नाहीत. माझं ठाम मत आहे की ऑल-वेदरला कोण जिंकणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, आधी ही रेस पळणार कशी ते ठरवायचं. गवतावर अर्धा खेळ पावसाचा असतो, आज ग्राउंड मऊ आहे की कडक यावर घोडे बदलतात. इथे ग्राउंड जवळपास रोज सारखंच, रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा "स्टँडर्ड" नाहीतर "स्टँडर्ड टू स्लो" एवढंच असतं, मग फरक पडतो तो पेसचा (रेस किती वेगात पळते त्याचा), ड्रॉचा (सुरुवातीला घोड्याला कितवा स्टॉल मिळालाय त्याचा) आणि वळणांचा, आणि या तिन्ही गोष्टी रेसच्या आदल्या दिवशी घरी बसून अभ्यासता येतात. नवख्या माणसाला शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आधी ट्रॅक ओळखा, नाहीतर पुढचं सगळं वाया

ब्रिटनमध्ये ऑल-वेदर सुरू झालं ३० ऑक्टोबर १९८९ ला लिंगफिल्डला, पाठोपाठ साउथवेल आलं. आज सहा ट्रॅक आहेत: लिंगफिल्ड, केम्प्टन, चेम्सफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन, न्यूकॅसल, साउथवेल, आणि आयर्लंडात डंडॉक. पृष्ठभाग दोन प्रकारचे. लिंगफिल्ड, केम्प्टन, चेम्सफर्ड आणि डंडॉकला पॉलिट्रॅक, आणि वुल्व्हरहॅम्प्टन, न्यूकॅसल, साउथवेलला टॅपेटा, जो मायकेल डिकिन्सन या ट्रेनरने बनवला, १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे ज्याचे होते तोच हा माणूस. दोन्हीत वाळू, कृत्रिम धागे आणि मेण असतं, प्रमाण वेगळं. पॉलिट्रॅकवर चालणारा घोडा टॅपेटावर चालेलच असं नाही, म्हणून घोड्याचा "ऑल-वेदर रेकॉर्ड" असा एकगठ्ठा आकडा दिसला की तो फोडून बघा, कुठल्या पृष्ठभागावर किती आणि कुठल्या ट्रॅकवर किती.

साउथवेलबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. तिथे २०२१ पर्यंत फायबरसँड होतं, जड आणि खोल, त्यावर पुढे पळणारे दणकट घोडे जिंकायचे आणि मागच्यांच्या तोंडावर वाळू यायची. २०२१ च्या शेवटी टॅपेटा टाकला आणि सगळं गणित बदललं. त्यामुळे नेटवर साउथवेलची ड्रॉची किंवा ट्रेनरची जुनी आकडेवारी सापडली की २०२२ च्या आधीचं सगळं काढून टाका, अजून लोक तेच आकडे फिरवत असतात. वुल्व्हरहॅम्प्टनचं पण तसंच, टॅपेटा २०१४ ला आला, त्याआधी पॉलिट्रॅक होता.

आता आकार. केम्प्टन हा ब्रिटनमधला एकच उजव्या हाताचा (घोडे उजवीकडे वळत पळतात असा) ऑल-वेदर ट्रॅक, बाकी सगळे डावे. त्यात परत केम्प्टनला दोन लूप आहेत, ५ फर्लाँग आणि १० फर्लाँगच्या रेस आतल्या लूपवर होतात, तिथली शेवटची सरळ लांबी छोटी असते, आणि ६, ७, ८ आणि त्यापुढच्या बाहेरच्या लूपवर, जिथे मागून येणाऱ्याला थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे केम्प्टनला १० फर्लाँग जिंकलेला घोडा १२ फर्लाँगला उतरला तर "कोर्स विनर" हा शिक्का अर्धाच खरा. वुल्व्हरहॅम्प्टन म्हणजे साधारण एक मैलाचा घट्ट अंडाकृती, वळणं कडक, शेवटची सरळ लांबी २ फर्लाँगपेक्षा कमी. लिंगफिल्डला शेवटच्या वळणाला उतार आहे, तिथे जॉकी बऱ्याचदा सुरुवातीला पेस दाबून ठेवतात आणि उतारावर सगळे एकदम सुटतात, त्यामुळे तिथे झटकन वेग पकडणारा घोडा पाहिजे, नुसता दमदार असून चालत नाही. न्यूकॅसल बरोबर उलटं. ५ फर्लाँगपासून एक मैलापर्यंतच्या रेस तिथे सरळ ट्रॅकवर, वळण नाहीच, आणि शेवटी चढ, त्यामुळे मैलाच्या रेसमध्ये थोडं लांबचं अंतर पळू शकणारा घोडा उपयोगी पडतो, मागून येऊन जिंकणंही शक्य असतं. चेम्सफर्डला वळणं मोठी आणि सलग आहेत, शेवटची सरळ लांबी साधारण २ फर्लाँग, पुढे असणाऱ्याला तिथे बरं पडतं.

(फर्लाँग म्हणजे साधारण २०१ मीटर, आठ फर्लाँगचा मैल. इतकं माहीत असलं की कार्डवरचं अंतर वाचता येतं.)

कार्ड कधी येतं आणि त्यात काय बघायचं

फ्लॅट (बिनअडथळ्यांच्या) रेसिंगमध्ये डिक्लेरेशन ४८ तास आधी होतं, म्हणजे दोन दिवस आधी सकाळी १० ला घोडे पक्के होतात आणि थोड्याच वेळात ड्रॉसकट कार्ड दिसायला लागतं. रेसिंग पोस्ट, अॅट द रेसेस, स्पोर्टिंग लाइफ, टाइमफॉर्म यांच्याकडे कार्ड बघता येतं, त्यातलं बरंचसं फुकट आहे आणि नवख्याला तेवढं पुरतं. दोन दिवस हातात आहेत तर घाई कशाला, आदल्या संध्याकाळी निवांत बसून करा.

घोड्याच्या नावाशेजारी छोटी अक्षरं असतात. सी म्हणजे याच कोर्सवर जिंकलेला, डी म्हणजे याच अंतरावर, सीडी म्हणजे दोन्ही एकत्र, बीएफ म्हणजे मागच्या वेळी फेव्हरेट असून हरलेला. ऑल-वेदरला मी सीडीला खूप मान देतो, कारण ग्राउंड बदलत नाही म्हणजे आधी जे जमलं ते परत जमायची शक्यता गवतापेक्षा जास्त. डोक्यावर काय लावलंय तेही बघा, पहिल्यांदा ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूचे आडोसे) लावले असतील तर घोडा सुरुवातीलाच ओढ घेऊ शकतो, हूड (कान झाकणारी टोपी) बहुतेक वेळा त्याला शांत ठेवायला असतो, टंग टाय (जीभ बांधणारी पट्टी) श्वासासाठी. पहिल्यांदा लावलेल्या ब्लिंकरचा परिणाम फक्त त्या घोड्यावर होत नाही, अख्ख्या रेसच्या पेसवर होतो, आणि आपण आता तिथेच येतोय.

पेस मॅप: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एक कागद घ्या. प्रत्येक घोड्याच्या मागच्या चार-पाच रनची कॉमेंट वाचा, त्यात लिहिलेलं असतं की तो पुढे होता, पुढच्यांना चिकटून होता, मध्ये होता की मागे ठेवला होता. चार रकाने करा, पुढे, पुढच्यांच्या मागे, मध्ये, शेवटी, आणि प्रत्येक घोड्याचा स्टॉल नंबर त्या रकान्यात टाका. एवढंच. ऐकायला साधं वाटतं पण माझ्या मते टिप देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हे करतच नाहीत, आणि आकड्यांच्या मागे जे दिसत नाही ते इथे दिसतं.

ड्रॉ एवढा महत्त्वाचा का ते शाळेच्या भूमितीतूनच कळेल. वळण अर्धवर्तुळाचं धरलं तर एक मीटर बाहेरून पळणाऱ्या घोड्याला साधारण ३.१ मीटर जास्त पळावं लागतं, आणि घोड्याची एक लेंग्थ म्हणजे अंदाजे २.४ मीटर. म्हणजे अख्खं वळण फक्त एक घोडा बाहेरून पळाला तरी लेंग्थभरापेक्षा जास्त गेलं, तीन घोडे बाहेर म्हणजे जवळपास चार लेंग्थ गेल्या, आणि या रेस तर डोक्याने नाकाने जिंकल्या जातात. म्हणून स्टार्टपासून पहिलं वळण जवळ असेल तिथे बाहेरचा स्टॉल महागात पडतो. न्यूकॅसलच्या सरळ ट्रॅकवर हे गणित लागू नाही, तिथे पेस देणारे घोडे कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं.

उदाहरण घेऊ, बनवलेलंच आहे पण दर आठवड्याला असली रेस भेटते. वुल्व्हरहॅम्प्टन, ६ फर्लाँग, क्लास ६ चा म्हणजे खालच्या दर्जाचा हँडिकॅप (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी रेस), ९ घोडे. अ हा स्टॉल २ मध्ये, मागच्या चारही रनमध्ये पुढे पळालेला. ब स्टॉल ८ मध्ये, तोही पुढेच पळतो. क स्टॉल ४ मध्ये, नेहमी दुसरा-तिसरा बसून वळणानंतर निघतो. ड स्टॉल ६ मध्ये, न्यूकॅसलला मागून येऊन मस्त जिंकलाय आणि फेव्हरेट आहे. बाकीचे पाच मधले, खास कोणी नाही.

आता रेस डोक्यात पळवा. ब ला पुढे जायचं तर सुरुवातीलाच जोर लावून आत यायला हवं, अ रेलवर (आतल्या कठड्याला) आहे तो जागा सोडणार नाही, दोघं एकमेकांना पळवणार आणि पहिले दोन-तीन फर्लाँग जोरात जाणार. क त्यांच्या पाठीला बसून फुकटात ओढला जाणार. ड मागे, आणि त्याला सहा-सात घोड्यांना बाहेरून वळसा घालून चारशे यार्डांच्या आत पकडायचंय, शिवाय न्यूकॅसलला सरळ ट्रॅकवर मिळालेला विजय इथल्या वळणाबद्दल काहीच सांगत नाही. पेस जोरात गेला तर ड ला थोडी मदत होईल हे खरं, म्हणून त्याला पूर्ण काढत नाही, पण माझी टिप क. आणि इथेच एक ओळ बाजूला लिहून ठेवायची: ब रेसमधून काढला गेला तर अ एकटा पुढे, तेव्हा टिप अ. ही ओळ शेवटी कामाला येते.

मागचे रन वाचताना पण हीच नजर. जोरात पेसमध्ये पुढे पळून शेवटी पाचवा आलेला घोडा कागदावर ५ दिसतो पण प्रत्यक्षात तो रन चांगला असू शकतो, आणि संथ पेसमध्ये एकटा पुढे पळून जिंकलेल्याचा १ फसवा असू शकतो. सेक्शनल टाइम (रेसच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा) बघायला मिळतात तिथे फिनिशिंग स्पीड टक्क्यात दिलेला असतो, म्हणजे शेवटच्या भागातला वेग पूर्ण रेसच्या सरासरी वेगाच्या किती टक्के होता. १०० च्या बराच वर गेला म्हणजे सुरुवातीला सगळे आरामात चालले होते. पण हा आकडा त्याच ट्रॅकच्या त्याच अंतराच्या इतर रेसशीच ताडून बघा, न्यूकॅसलच्या चढावरचा आकडा आणि लिंगफिल्डच्या उतारानंतरचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

रेटिंग आणि वजन

हँडिकॅपमध्ये प्रत्येक घोड्याला अधिकृत रेटिंग असतं आणि एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. आपल्याकडे किलोत वजन बघायची सवय असते, तिकडे स्टोन आणि पौंड, ९-७ म्हणजे ९ स्टोन ७ पौंड, १४ पौंडांचा एक स्टोन. एका लेंग्थला किती पौंड धरायचे याचा ढोबळ हिशोब असा, ५ फर्लाँगला ३ पौंड, मैलाला २ च्या आसपास, दोन मैलांना १. नवी रेटिंग मंगळवारी लागतात, त्यामुळे घोडा जिंकला आणि नवं रेटिंग लागायच्या आत परत पळाला तर त्याला फक्त ठरलेली पेनल्टी (जास्तीचं वजन) मिळते, आणि हँडिकॅपर (रेटिंग ठरवणारा अधिकारी) त्यापेक्षा जास्त वाढवणार असेल तर तो घोडा त्या दिवसापुरता हलक्या वजनात पळतो. असे घोडे शोधा, फक्त बाजारालाही (पैसे लावणाऱ्यांनाही) ते माहीत असतं म्हणून भाव बघूनच.

नवख्यांकडून हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे ऑल-वेदरचं आणि गवताचं रेटिंग वेगवेगळं असू शकतं. गवतावर ७५ पर्यंत गेलेला घोडा इथे ६२ वर असेल तर थांबा आणि विचार करा, त्याला वाळू आवडत नाही म्हणून खाली आहे की तो सुधारण्याआधीचं जुनं रेटिंग राहिलंय. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनातली सूट पण वजा करून बघा, २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० पर्यंत ५, ९५ पर्यंत ३. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कडक वळणावर अगदी नवा जॉकी असेल तर ते ७ पौंड मी पूर्ण धरत नाही.

नॉव्हिस रेस, म्हणजे ज्यात बहुतेक घोडे नवे किंवा फार न जिंकलेले, त्या सुरुवातीला सोडून द्या. बघा जरूर, कारण मोठे घोडे तिथे निघतात, एनेबल ही घोडी नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूकॅसलच्या टॅपेटावर पहिल्यांदा पळाली आणि जिंकली, पुढच्या वर्षी तिने आर्क ही फ्रान्सची सगळ्यात मोठी रेस जिंकली, आणि २०१८ ला आर्कच्या आधी ती केम्प्टनला सप्टेंबर स्टेक्स जिंकूनच पॅरिसला गेली. ऑल-वेदर म्हणजे फक्त खालच्या दर्जाचे घोडे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण टिप द्यायला तिथे फॉर्मच नसतो, जातकुळी आणि ट्रेनरवर अंदाज बांधावा लागतो, ते नंतर शिका.

भाव लिहिल्याशिवाय टिप पूर्ण होत नाही

४/१ भाव (एक लावला तर चार नफा) म्हणजे पाचात एक, २० टक्के. २/१ म्हणजे ३३, ९/१ म्हणजे १०. पेस मॅप झाल्यावर बाजाराचा भाव न बघता प्रत्येक घोड्याला आपले टक्के द्या, बेरीज १०० झालीच पाहिजे. वरच्या रेसमध्ये मी क ला २५, अ ला २२, ड ला २०, ब ला १०, उरलेल्या पाचांना मिळून २३ देईन. आता बाजार उघडा. ड ला २/१ भाव असेल तर बाजार त्याला ३३ टक्के देतोय, माझ्या २० पेक्षा कितीतरी जास्त, सोडा. क ला ५/१ असेल तर बाजार म्हणतो जेमतेम १७ आणि मी म्हणतो २५, ही टिप. पण क ला २/१ भाव झाला असेल तर तोच घोडा, तेच कारण, तरी टिप नाही, आणि तसं स्पष्ट लिहायचं. फ्लॅटला फेव्हरेट साधारण तीनातून एकदा जिंकतात, म्हणजे नुसतं विजेत्याचं नाव सांगणं फार अवघड नाही, योग्य भावाला सांगणं अवघड आहे.

आणि हो, भारतात बसून परदेशी साइटवर पैसे लावणं कायद्यात बसत नाही, तेव्हा इथल्या वाचकांनी हे सगळं कागदावरच करावं, अभ्यास म्हणून त्यात काही कमी नाही. इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी वय १८ पाहिजे, क्रेडिट कार्डावर लावायला तिथे एप्रिल २०२० पासून बंदी आहे, आणि आवरेनासं झालं तर गॅमस्टॉपवर स्वतःला बंद करून घेता येतं.

प्रिव्ह्यू लिहिताना

पहिलं वाक्य पेसबद्दल. दुसऱ्यात टिप आणि तिचं एकच मुख्य कारण. मग ज्याची भीती वाटते तो घोडा, फेव्हरेट नको असेल तर का नको ते, आणि शेवटी किमान किती भाव मिळाला पाहिजे. "चांगली संधी आहे", "दुर्लक्ष करू नका" असली वाक्यं लिहू नका, ती कुठल्याही घोड्याला चिकटतात. वरच्या रेसचा माझा प्रिव्ह्यू एवढाच होईल: अ आणि ब दोघांना पुढे जायचंय, पेस जोरात जाईल. क त्यांच्या मागे आत बसेल, या ट्रॅकला ती सगळ्यात चांगली जागा. ड ला वळणावर फार बाहेरून यावं लागेल, २/१ ला नको. क, ४/१ किंवा वर.

प्रत्येक टिप तारीख, वेळ आणि त्या वेळच्या भावासकट वहीत लिहा, प्रत्येकीला सारखाच एक पॉइंट (लावायची एकसारखी रक्कम) धरा. तुमच्या टिपा २० टक्के जिंकणाऱ्या असल्या तरी सलग दहा हरण्याची शक्यता जवळपास ११ टक्के असते, तेव्हा दहा हरल्या म्हणून पद्धत बदलू नका आणि तीन जिंकल्या म्हणून पॉइंट वाढवू नका. शंभरेक टिपा झाल्याशिवाय वहीतला आकडा फारसं काही बोलत नाही.

रेसच्या दिवशी

संध्याकाळचं कार्ड असेल तर हिवाळ्यात तिकडचे ५ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पहिल्या दोन रेस फक्त बघा, जिंकणारे रेलवरून येतायत की मध्यातून, पुढचे टिकतायत की थांबतायत. वाळू रोज उकरून सारखी करतात, फार थंडीत किंवा उकाड्यात ती थोडी वेगळी वागते, आणि नाव ऑल-वेदर असलं तरी धुकं आणि बर्फ यांनी मीटिंग रद्द होतेच.

मग नॉन-रनर (ऐनवेळी रेसमधून काढलेले घोडे) बघा. आठ घोड्यांच्या रेसमधला एक निघाला की ईच-वेला (जिंकणं आणि पहिल्या काही जागांत येणं अशा दोन्हींवरच्या पैजेला) तीन ऐवजी दोनच जागा मोजतात, हा एक फरक, पण त्याहून मोठा फरक म्हणजे निघालेला घोडा पेसवाला होता का. पेसवाला असेल तर कागद काढा, मॅप नव्याने करा आणि ती बाजूला लिहिलेली ओळ वाचा. आमच्या उदाहरणात दुपारी ब निघाला तर क ची टिप तिथेच रद्द, अ एकटा पुढे, आणि अ चा भाव पडायच्या आत ते सांगायचं. रेस संपल्यावर रिप्ले एकदा फक्त तुमच्या घोड्यासाठी बघा आणि दुसऱ्यांदा बाकीच्यांसाठी, कोण बाहेरून अडकला, कोणाला जागा मिळाली नाही, कोणाच्या पुढे जायच्या नादात पेस बिघडला, ते नावासकट लिहून ठेवा. ऑल-वेदरचे घोडे दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा त्याच ट्रॅकवर परत येतात. सुरुवात एकाच ट्रॅकने आणि एकाच अंतराने करा, वुल्व्हरहॅम्प्टन ६ फर्लाँग चालेल, वर्षभर रेस होतात आणि तेच घोडे परत परत भेटतात.